सायकल, शर्यत आणि घरातली तहान

"डॉक्टर, आम्हाला रोज चालायला सांगता. पण तुम्ही स्वतः सकाळी कुठं दिसत नाही हो!"

२०२५ च्या महाशिवरात्रीला रामलिंगाची यात्रा झाली, त्यानंतरच्या आठवड्यातली ही गोष्ट. बोलणारे गृहस्थ एसटीतून निवृत्त झालेले चालक. मधुमेह निघाल्यापासून ते पहाटे पाच किलोमीटर चालतात, तेही माझ्याच सांगण्यावरून. ते सहज बोलून गेले, पण मला ते लागले. शिरूरला दवाखाना टाकून मला सत्तावीस वर्षे झाली. या काळात 'वजन कमी करा, व्यायाम करा' असे मी किती पेशंटना सांगितले असेल, याची गणती नाही. दिव्याखाली मात्र अंधार होता.

त्या रात्री कंपाउंडर गेल्यावर मी स्वतःलाच तपासले. वय ५४, वजन ८१ किलो, कंबर १०१ सेंटीमीटर, रक्तदाब १४६/९२. आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत आणि स्त्रीची ८० च्या आत असावी, हे मी रोज लोकांना सांगतो. एकदा मोजलेल्या रक्तदाबावर निदान करू नये, म्हणून पुढचे चार दिवस सकाळी मोजला. आकडे तेच. मग पुण्याच्या एका फिजिशियन मित्राकडे जाऊन रक्ताच्या तपासण्या, कार्डिओग्राम आणि पट्ट्यावर चालवून करतात ती स्ट्रेस टेस्ट करून घेतली. डॉक्टरने स्वतःचा डॉक्टर होऊ नये. हृदय ठीक होते. मित्र म्हणाला, "तीन महिने व्यायाम कर, मीठ कमी कर. नाही उतरला, तर गोळी सुरू करू."

चालायला लागलो तर गुडघे कुरकुरू लागले. तेव्हा सायकल आठवली.

भाड्याच्या सायकलपासून गिअरच्या सायकलपर्यंत

माझ्या वयाच्या वाचकांना आठवेल. आपल्या लहानपणी सायकल तासावर भाड्याने मिळायची. पाय पोचत नसत, म्हणून दांडीखालून पाय घालून शिकायचे, गुडघे फोडून घ्यायचे आणि तास संपायच्या आत दुकानदाराला सायकल परत करायची. गावात कधी सात दिवस सात रात्री सायकलवरून न उतरणारा माणूस यायचा. मैदानात गोल फेऱ्या मारी, सायकलवरच चहा पिई, सायकलवरच अंघोळ करी. कर्ण्यावर गाणी लागत आणि आम्ही पोरे तोंडात बोट घालून बघत असू.

पुढे स्कूटर आली, मोटार आली आणि सायकल दूधवाल्याची आणि पेपरवाल्याची राहिली. मी बावीस हजारांना जुनी, पण गिअरची सायकल घेतली. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, एवढ्यात फ्रिज बदलला असता." मी म्हणालो, "हार्टच्या ऑपरेशनपेक्षा स्वस्त आहे." यावर ती काही बोलली नाही. पुढचे बरेच दिवस मी प्रत्येक खर्चाला हेच उत्तर देत होतो.

पहिल्या आठवड्यात रोज पाच किलोमीटर, मग दहा, मग वीस. हळूहळू पाच जणांची जोडी जमली: एक हायस्कूलचे शिक्षक, पतसंस्थेतला एक कारकून, रांजणगावच्या एमआयडीसीत पाळीवर काम करणारा एक तरुण, एक कांद्याचे व्यापारी आणि मी. उसाचा हंगाम आवरत आला होता, त्यामुळे मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्यांची भीती कमी झाली होती. पहाटे साडेपाचला न्हावऱ्याच्या रस्त्याला लागायचे, उजाडेपर्यंत गार वारा अंगावर घ्यायचा, टपरीवर चहा प्यायचा आणि साडेसातला घरी. खरे सांगतो, एवढे बरे मला कित्येक वर्षांत वाटले नव्हते.

एप्रिलच्या मध्यापर्यंत वजन ७६ किलो झाले. रक्तदाब १३२/८४ वर आला. झोप लागू लागली. सायकलीचा हा गुण मी मुद्दाम नोंदवतो. शरीराचा भार खोगिरावर राहत असल्याने गुडघ्यांवर आघात कमी होतो, मांड्यांचे मोठे स्नायू काम करतात आणि रक्तातली साखर वापरली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस सायकल चालवली की पहिला आकडा गाठला. म्हणजे खरे तर आमचे काम तिथेच झाले होते.

छंदाला शर्यतीची चव

पण माणसाचे एवढ्यावर भागत नाही. मी एक वही केली. त्यात रोजचे किलोमीटर, लागलेला वेळ, सकाळची नाडी, वजन. वही भरू लागली तशी भूक वाढली. चहाच्या टपरीवर गप्पा निघत त्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीच्या, बोरघाट सर्वांत आधी चढून 'घाटाचा राजा' होणाऱ्या स्वारांच्या. शिक्षकांना लांब पल्ल्याच्या ब्रेव्हेंची माहिती होती: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत. नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि सैन्यदलातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत बारा दिवसांच्या मुदतीत एकट्याने पुरी केली. दोघेही माझ्याच व्यवसायातले! मला स्फुरण चढले. त्यांच्यामागे किती वर्षांचा सराव आणि किती माणसांचे साहाय्य असते, हा विचार मात्र मनात आला नाही.

माझी सासुरवाडी दौंडची. रविवारी सौभाग्यवती एसटीने माहेरी जाई आणि मी न्हावऱ्यावरून, पारगावजवळ भीमा ओलांडून, केडगाव-चौफुल्यावरून सायकलने दौंड गाठत असे. अंतर एका बाजूने साठ किलोमीटरच्या पुढे. पोचल्यावर अंघोळ, जेवण, झोप. संध्याकाळी सायकल टेम्पोत टाकून परत. मेहुणा रेल्वेत आहे. तो थट्टेने म्हणे, "दाजी, तुम्ही येता, पण भेटत नाही."

घरचे चित्रही तसेच होते. मी रात्री नऊला झोपायचो, म्हणून सगळ्यांनी नऊला आवाज बंद करायचा. माझे कपडे रोज धुवायचे. माझ्यासाठी भिजवलेले हरभरे, उकडलेली रताळी, लिंबाचे सरबत वेळेवर हवे. आईच्या डोळ्यांची तपासणी मी दोनदा पुढे ढकलली. पुण्याला शिकणारा मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, सायकल सोडून काहीतरी बोला." मी हसण्यावारी नेले. त्याच दिवसांत सौभाग्यवती दोनदा म्हणाली होती की, हल्ली फार तहान लागते, रात्री चार-चारदा उठावे लागते, पायात गोळे येतात. मी अंगणात साखळीला तेल देत होतो. मान वर न करता म्हणालो, "उन्हाळा आहे. पाणी पीत जा."

यात्रेतली शर्यत

मेच्या पहिल्या पंधरवड्यात दौंड तालुक्यातल्या एका गावच्या यात्रेत सायकल शर्यत होती. आपल्याकडे यात्रा म्हटली की कुस्त्यांचा आखाडा आणि बैलगाडे, त्याला आता काही ठिकाणी सायकलची जोड मिळाली आहे. तीस किलोमीटरची शर्यत, एक खुला गट आणि एक पंचेचाळीस वर्षांवरील. आम्ही दोघांनी, म्हणजे शिक्षकांनी आणि मी, नावे दिली.

वेळ सकाळी साडेसहाची होती. पाहुणे यायला उशीर झाला. मग नारळ, सत्कार, भाषणे. झेंडा पडला तेव्हा सव्वानऊ वाजले होते आणि रस्त्यावरून वाफा निघत होत्या. माझ्याजवळ पाण्याची एकच बाटली होती. ती वाट बघण्यातच अर्धी संपली होती. शहाण्या माणसाने तिथेच सायकल उचलून घर गाठायला हवे होते. पण छातीवर क्रमांक लागला की माणसाचे शहाणपण कमी होते, हे मी अनुभवाने सांगतो.

पंधरा किलोमीटरपर्यंत मी आमच्या गटात तिसरा होतो. लोक टाळ्या वाजवत होते. विसाव्या किलोमीटरला डोके ठणकू लागले. पोटऱ्यांत गोळे आले. आणि मग अंगावर काटा आला, थंडी वाजल्यासारखे झाले. एवढ्या उन्हात थंडी वाजणे हे शरीर हरल्याचे लक्षण आहे. पेशंटला मी हे सांगितले असते. स्वतःला सांगितले, 'अजून दहाच किलोमीटर.' त्यानंतर तीन किलोमीटर मी कसे काढले ते नीट आठवत नाही. हँडल डावीकडे जात होते, एवढे आठवते. शेवटी एका बाभळीखाली सायकल टेकवायला गेलो आणि तिच्यासकट खाली बसलो.

शेजारच्या शेतात कांदा भरायचे काम चालले होते. तिथली एक बाई कळशी घेऊन धावत आली. तिने माझ्या डोक्यावर, मानेवर पाणी ओतले, ओला पदर मानेवर ठेवला आणि लोट्यात गूळ-मीठ घालून घोट घोट पाजले. मागून येणारे शिक्षक शर्यत सोडून थांबले. सावलीत दहा मिनिटे बसल्यावरही माझी नाडी १४० होती. माझ्या वयाला जास्तीत जास्त नाडी ढोबळ मानाने २२० वजा ५४, म्हणजे १६६. ती बसल्या जागी १४० असावी, यावरून काय ते समजावे.

याला उष्णतेने आलेली ग्लानी म्हणतात. घामावाटे तासाला लिटर-दीड लिटर पाणी आणि त्याबरोबर मीठ जाते. रक्त कमी पडते. कातडी थंड ठेवायला ते बाहेर धाडावे की स्नायूंना पुरवावे, या ओढाताणीत मेंदूला पुरेसे मिळत नाही. इथे माणूस थांबला तर तासा-दोन तासांत सावरतो. थांबला नाही तर उष्माघात. त्यात शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते, माणूस बरळतो, झटके येतात, बेशुद्ध पडतो आणि दगावू शकतो. 'घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही' हा समज चुकीचा आहे. श्रमामुळे होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने निथळत असू शकते. बोलण्यात गोंधळ दिसला की तो उष्माघातच समजावा, कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

रात्री दिसलेली गोष्ट

मला दौंडला सासुरवाडीला आणले. कुलरसमोर निजवले. सासूबाईंपासून सगळे माझ्याभोवती. सौभाग्यवती पाय चेपत होती. संध्याकाळपर्यंत मी बरा झालो, पण रात्री पायात गोळे येऊन पुन्हा पुन्हा जाग येत होती. स्टेशनवरून गाड्यांच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. प्रत्येक वेळी डोळे उघडले की सौभाग्यवती उठलेली. कधी माठाशी, कधी मोरीकडे जाताना. पहाटेपर्यंत मी पाच वेळा मोजले. दोन महिने मी लवकर निजत होतो आणि गाढ झोपत होतो, त्यामुळे हे मला कधी दिसलेच नव्हते.

सकाळी मेहुणा चहा देताना म्हणाला, "दाजी, ताई किती वाळलीय. आई म्हणत होती, ब्लाउज ढगळ झालेत. काही तपासलंय का?"

मी बायकोकडे पाहिले. पाहिले म्हणजे डॉक्टरने पेशंटकडे पाहावे तसे पाहिले. गालाची हाडे वर आली होती. ओठ कोरडे. वजन निदान सहा-सात किलोंनी उतरलेले. सासूबाईंना वीस वर्षे मधुमेह आहे, त्यांचे साखर मोजायचे यंत्र कपाटातच होते. मी सौभाग्यवतीच्या बोटाला सुई टोचली. आकडा आला ३१८.

शिरूरला आल्यावर रीतसर तपासणी केली. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी १०.२ निघाली. ६.५ च्या वर गेली की मधुमेह. दोन महिने मी स्वतःची नाडी रोज सकाळी वहीत लिहीत होतो आणि माझ्या घरात, माझ्या ताटाशेजारी, माझ्याच रोजच्या धंद्यातला आजार वाढत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "मी दवाखान्यात नंबर लावून आले असते, तर लवकर कळलं असतं का हो?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. हा सगळा मजकूर तिला वाचून दाखवून, तिच्या परवानगीने छापायला दिला आहे. ती म्हणाली, "लिहा. माझ्यासारख्या घरोघरी असतील."

उन्हाळ्याची तहान आणि साखरेची तहान

वाचकहो, हा मुद्दा नीट लक्षात घ्यावा. उन्हाळ्यात मधुमेह लपतो. तहान, थकवा, पायात गोळे, तोंडाला कोरड, सगळ्याचे खापर उन्हावर फोडता येते. फरक असा ओळखावा. उन्हाने तहान लागली असेल, तर घामावाटे पाणी गेलेले असते, म्हणून लघवी कमी आणि गडद पिवळी होते. साखरेने तहान लागली असेल, तर पाणी प्यावे तितकी लघवी जास्त होते आणि रात्री वारंवार उठावे लागते. त्यात नीट खाऊनही वजन उतरत असेल, नजर धूसर होत असेल, जखम चिघळत असेल, जांघेत किंवा गुप्तांगाला सारखी खाज येत असेल, तर एक दिवसही थांबू नये. उपाशीपोटी साखर १०० च्या आत हवी. १२६ किंवा अधिक आली तर मधुमेह समजतात. १०० ते १२५ च्या मधली माणसे उंबरठ्यावर असतात. लक्षणे नसताना आकडा जास्त आला, तर दुसऱ्या तपासणीने खात्री करून घ्यावी.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पाठबळ दिलेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींच्या वर आणि उंबरठ्यावरचे त्याहून अधिक, १३ कोटींच्या पुढे. हा आता फक्त शहरी शेठजींचा आजार राहिलेला नाही. आई-वडिलांपैकी कोणाला मधुमेह असेल, तर तिशीनंतर लक्षणे नसली तरी वर्षातून एकदा साखर तपासावी. आणि घरातल्या बाईची तपासणी कोणी आठवणीने करीत नाही, म्हणून ती पुरुषाने आठवणीने करावी. हे मी आता अधिकाराने सांगू शकतो, कारण मी ती केली नव्हती.

"मला सकाळचा एक तास द्या"

गोळ्या सुरू झाल्या, आहार बदलला. व्यायामाचा विषय निघाला तेव्हा मी उत्साहाने म्हणालो, "तुलाही एक सायकल घेऊ. शाळेत असताना चालवायचीसच की." ती म्हणाली, "मला सायकल नको. मला सकाळचा एक तास द्या. पाणी भरणं, आईंचा चहा, तुमचा डबा, यातलं काही नसलेला एक तास."

तिचे म्हणणे मला पटले. व्यायामाला पैसा लागत नाही असे आपण म्हणतो, पण वेळ लागतो. आणि घरातल्या एकाचा वेळ मोकळा होतो, तेव्हा दुसऱ्या कुणीतरी ते काम उचललेले असते. माझ्या दोन तासांच्या सायकलीमागे तिचे दोन तासांचे काम होते. माझ्या वहीत त्याची नोंद नव्हती.

मेच्या शेवटच्या आठवड्यात दौंड-बारामतीकडे धो धो पाऊस झाला. मोसमी पाऊस त्या वर्षी वेळेच्या फार आधी आला आणि आमचा शर्यतीचा उन्हाळा संपला. तेव्हापासून घरात नवी वाटणी आहे. आठवड्यातले चार दिवस सकाळचा तास तिचा. ती शेजारच्या दोघींबरोबर झपाझप चालते, आल्यावर थोडे सूर्यनमस्कार घालते. पाणी, चहा, आईच्या गोळ्या, भाजी चिरणे माझ्याकडे. सुरुवातीला चहा बिघडायचा, आता बरा होतो. उरलेले तीन दिवस माझे, वीस-पंचवीस किलोमीटर. दौंडची वारी महिन्यातून एकदा, तीही थंडीत. आईच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन जुलैत झाले. ऑगस्टमध्ये सौभाग्यवतीची एचबीएवनसी ७.१ आली. माझा रक्तदाब १२८/८२ आहे, अजून तरी गोळीविना.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवरून झाली. आम्ही सहकुटुंब रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहिली. स्वार वाऱ्यासारखे गेले. मागून गाड्यांचा ताफा गेला: सुटी चाके, पाण्याच्या बाटल्या, कारागीर, डॉक्टर. सौभाग्यवती म्हणाली, "बघा, एकट्याचं काम नाही हे." मी मान डोलावली. घरात एकाने छंद जोपासायचा तर बाकीच्यांचा ताफा मागून चालतच असतो. तो दिसत नाही एवढेच.

सायकल घेणाऱ्यांसाठी थोडे

पन्नाशीच्या आसपास कुणी सायकल काढणार असेल, तर जरूर काढावी. फक्त पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. चाळिशीनंतर व्यायाम नव्याने सुरू करताना रक्तदाब, साखर, कार्डिओग्राम करून घ्यावा. मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात कमी वयात हृदयविकार असल्यास स्ट्रेस टेस्टबद्दल डॉक्टरांना विचारावे.

२. खोगीर अशा उंचीवर ठेवावे की पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकवली तर पाय सरळ व्हावा. खोगीर खाली राहिले की गुडघ्याची वाटी दुखते. हाताची करंगळी किंवा बैठकीचा भाग बधिर होत असेल, तर बसण्याची पद्धत चुकली आहे. बधिरपणा अंगावर काढू नये.

३. जड गिअरवर जोर लावण्यापेक्षा हलक्या गिअरवर पाय भराभर फिरवावेत. सोबत्याशी बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, एवढाच वेग ठेवावा.

४. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत घरी यावे. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. आयोजकांनी वेळ चुकवली, तर शर्यत सोडून द्यावी. यात्रा पुढच्या वर्षीही असते.

५. तासाभराच्या फेरीला साधे पाणी पुरते. भरपूर घाम आला, तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट घ्यावे. चमचा चहाचा. नुसते पाणीच भरमसाट प्यायल्याने रक्तातले मीठ पातळ होऊन चक्कर, ओकारी, झटके येऊ शकतात. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असणाऱ्यांनी हे पाणी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

६. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. लांब फेरीत साखर एकदम उतरू शकते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर उन्हाळ्यात डॉक्टरांशी बोलावे. गोळी मनाने बंद करू नये.

७. छातीत दाब, जबडा किंवा हाताकडे जाणारी कळ, गार घाम, अचानक धाप, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झाले तर तिथेच उतरावे आणि इस्पितळ गाठावे. 'गॅस असेल' म्हणून पुढे जाऊ नये.

८. सायकलीने हाडांवर पुरेसा भार पडत नाही. म्हणून आठवड्यातून दोन दिवस बैठका, जिने, सूर्यनमस्कार यांची जोड द्यावी. डोक्याला हेल्मेट आणि मागे लाल दिवा हवाच.

छंद हे औषधच आहे आणि कुठल्याही औषधासारखी त्याला मात्रा असते. ती आपल्या वयावरून, उन्हावरून ठरते. पण त्याहून जास्त ती घरावरून ठरते. घरातले कोण किती पाणी पिते आहे, रात्री कोण उठते आहे, कुणाचे कपडे सैल झाले आहेत, हे दिसण्याइतका वेळ ज्या छंदानंतर उरत नाही, त्याची मात्रा जास्त झाली असे समजावे.

माझी वही अजून आहे. फक्त आता तिच्यात दोन रकाने आहेत. डावीकडे माझे किलोमीटर, उजवीकडे सौभाग्यवतीची साखर आणि तिची चालण्याची मिनिटे. एसटीतले ते निवृत्त चालक परवा भेटले. म्हणाले, "डॉक्टर, आता वहिनी रोज दिसतात सकाळी. तुम्ही मात्र एक दिवसाआड." मी म्हणालो, "बाकीचे दिवस चहा करतो."